कपाळावरचा ठिपका

सीटी स्कॅनच्या खोलीत दिवसभर "हलू नका" म्हणून म्हणून स्कॅन काढणाऱ्या बाईंचा घसा बसला होता. घरीही ते तोंडातून निसटायचं. नवरा चिडवायचा, "घोरू तरी देशील ना?"

आज टेबलावर एक म्हातारे शिंपी होते. घरात पडले होते. डोक्यात रक्त साकळलंय का, ते पाहायचं होतं. पण कंपवातानं मान सारखी डुलत होती. झोपेचं इंजेक्शन त्यांच्या फुप्फुसांना झेपेलच असं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

डुलत्या डोक्यासाठी एक सोय होती. कपाळावर ठिपका चिकटवायचा. वरचा कॅमेरा त्याच्यावर नजर ठेवतो आणि डोकं सरकेल तसं संगणक चित्र जागेवर आणतो. बाईंनी ठिपका चिकटवला, काचेमागे गेल्या. माइकवरून म्हणाल्या, "हलू नका हं, बाबा."

स्कॅन फसला. चित्रात कवटीला दोन-दोन कडा आल्या.

"आता सुई टोचणार का त्यांना?" शिंप्यांच्या मुलीनं दारातून विचारलं.

"थांबा जरा." बाईंचे पाय भरून आले होते. त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेऊन पाहिलं. आपण "हलू नका" म्हटलं, की म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आठीबरोबर ठिपका वर चढतो आणि संगणकाला वाटतं, कवटीच सरकली. आठीनं न हललेलं हाडही तो बिचारा जागेवर आणत बसला होता. ठिपका कातडी सरकत नाही अशा घट्ट जागी हवा, हे बाई नव्या मुलींना रोज शिकवायच्या. आज स्वतःच विसरल्या.

त्या आत गेल्या. "बाबा, वरचे दात घट्ट आहेत? ठिपका दातावरच लावते."

"आहेत की. घरी, डबीत."

बाईंना दमल्यातही हसू फुटलं. त्यांनी ठिपका नाकाच्या हाडावर दाबून बसवला.

"जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं, पोरी. हलू नका, माप चुकेल."

"मग ऐकायचे?"

"छे! म्हटलं की जास्तच हलायचे."

बाई काचेमागे गेल्या. माइक दाबून म्हणाल्या, "बाबा, मान हलेल तशी हलू दे. मी बघते."

या वेळी कवटीची कड एकच आली. डॉक्टरांनी चित्र निरखून पाहिलं. रक्त नव्हतं. मुलगी वडिलांच्या चपला घेऊन आत आली.

बाईंनी चादर बदलली. पुढचा पेशंट आत आला, तेव्हा सवयीनं घशाशी आलेलं वाक्य त्यांनी गिळलं.

"या," म्हणाल्या. "पडा निवांत."