एका बैठकीचं जेवण

"आमच्या मंडळीला येड लागलंय म्हनून हिकडं धाडलंय काय?"

भरमाण्णांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. निपाणीत त्यांचं भांड्यांचं दुकान. बरोबर पत्नी, सुनंदाआक्का. वय अठ्ठेचाळीस, वजन एकशे सोळा किलो. दाराची चौकट धरून त्या दम घेत होत्या.

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. मी बेळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी, करायच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. वेड शोधायला नव्हे. या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. मग जन्मभर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. पाणीसुद्धा घोट घोट. हे त्या माणसाला झेपेल का, एवढंच मी बघते.

ऑपरेशन का हवं, ते आक्कांनी लगेच सांगितलं. "घर माडीवर हाय. दीड वरीस झालं, दुकानाच्या मागं खोक्यांत झोपायचं." गुडघे जिना चढू देत नव्हते. गुडघे बदलायचे तर आधी वजन उतरवा, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी फॉर्म काढला.

"जेवण चुकवता का?"

"कवाच न्हाय."

"रात्री उठून काही खाता?"

भरमाण्णा हसले. "मॅडम, आमी जैन. दिवस मावळल्यावर पानीबी न्हाय."

मी खूश. असे पेशंट क्वचित मिळतात. 'स्वयंशिस्त उत्तम' असं लिहून टाकलं. ऑपरेशन गुरुवारी होतं, फक्त सही बाकी होती.

साडेबारा वाजले तशी भरमाण्णांची चुळबुळ सुरू झाली. "हिला हितंच जेवू दे काय? येळ झाली."

"जेवू दे की."

पिशवीतून पाच पुडांचा डबा निघाला. आक्कांनी टेबल पुसलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि जेवायला लागल्या. नऊ चपात्या, मुगाची उसळ, दोडक्याची भाजी, तूप-गूळ, मग भात-आमटी, परत भात. चवीनं खाणं नव्हे, नेमून दिलेलं काम उरकल्यासारखं. मी रिपोर्ट टाइप करायचा थांबवून बघत राहिले.

छोट्या टेबलावर त्या अवघडून बसल्या होत्या. म्हटलं, "आक्का, बाजूच्या खोलीत मोठं टेबल आहे, तिकडं चला."

त्यांनी नुसती मान हलवली. भरमाण्णा म्हणाले, "आता उठता यायचं न्हाय. उठलं की आजचं जेवान संपलं. एकासन हाय तिचं."

एकासन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. मी इथल्याच शहापुरात वाढले, शेजारी जैन, शब्द माझ्या कानावरचा. पण तो सणासुदीचा, असं मी धरून चालले होते.

"रोज?"

"रोज. महाराजांम्होरं पाच वर्सांचा नियम घेतलाय. दोन झाली."

"मग मघाशी जेवण चुकवत नाही म्हणालात?"

"एकदाबी चुकलेलं न्हाय!" आक्कांना माझा रागच आला.

त्यांचं बरोबर होतं. व्रत पाळणं म्हणजे जेवण चुकवणं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि दिवसातून किती वेळा जेवता हे विचारायची अक्कल मला नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली.

"नियम कशासाठी घेतला?"

आक्कांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "वजन उतराय म्हनून."

दोन वर्षांत ते चौदा किलोनं वाढलं होतं. दिवसभराची भूक एका बैठकीत भागवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मी समजावलं. ऑपरेशननंतर एका वेळी चहाच्या कपाएवढंच मावेल. त्यात दिवसाचं जेवण कोंबलं तर उलट्या, टाके उसवायची भीती. आणि तेवढ्याच एका कपावर दिवस काढला तर अंगातली ताकद जाईल.

"म्हंजी नियम मोडायचा?"

"तसं मी म्हणत नाही. पण दोन्ही एकत्र जमायचं नाही."

"मग माडीवर जायाचं न्हाय, आसं म्हना की." त्या रडायला लागल्या. मलाही फार वाईट वाटलं.

सर्जनना फोन लावला.

"मॅडम, ऑपरेशन थिएटर बुक आहे. काउन्सेलिंग झालं असं लिहा आणि सही करा."

"त्या घरी जाऊन दिवसभराचं जेवण एका दमात जेवणार आहेत, डॉक्टर."

"सांगितलं की ऐकतील."

"दोन वर्षांत एक दिवस चुकलेल्या नाहीत. माझं ऐकून काय सोडतील?"

"बरं, पोस्टपोन करा."

भरमाण्णा 'येतो' न म्हणता निघून गेले. हे काही परत यायचे नाहीत, अशी मी खूणगाठ बांधली.

सहा आठवड्यांनी दोघं दारात. महाराजांचा मुक्काम चिकोडीकडे होता. आक्का जीप करून तिथं गेल्या आणि केळ्याएवढ्या जठरासकट सगळं सांगितलं.

"काय म्हणाले?"

"हे आदी का न्हाय सांगितलंस, म्हनाले."

एकासन सोडवून त्यांनी दुसरा नियम दिला होता. गोड आणि तूप जन्मभर बंद. दिवसा लागेल तितक्या वेळा थोडं थोडं. रात्रीचा नियम कायम. ऑपरेशननंतर रात्री सलाईन चालेल का, हेसुद्धा आक्कांनी विचारून घेतलं होतं. चालणार होतं.

तरी मी लगेच सही केली नाही. डाएटिशियननं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतचा सहा खाण्यांचा तक्ता दिला आणि महिनाभर पाळून दाखवा म्हटलं. आक्कांनी वहीत वेळेसकट लिहून आणलं. एक दिवस चुकला नव्हता. मी सही केली. ऑपरेशन नीट झालं.

"इतका आज्ञाधारक पेशंट मी बघितला नाही," सर्जन नंतर म्हणाले.

आज्ञा कुणाची, ते मी सांगत बसले नाही. एवढं मात्र शिकले, की माझ्या सहीनं ऑपरेशन थिएटर मिळतं, नियम सुटत नाही. तो ज्याच्याकडून सुटतो, त्याच्याकडे पेशंटला आधी पाठवावं.

सात महिन्यांनी आक्कांचा फोन आला.

"मॅडम, माडीवर हाय मी."

"किती पायऱ्या?"

"सतरा. मदी एकदा बसाय लागलं."

"आता कसं वाटतंय?"

"सुनंनं भांडी समदी हिकडची तिकडं केल्यात," आक्का म्हणाल्या. "ती लावून झाल्याबिगर खाली उतरायचं न्हाय."