आकाशपाळण्याची ओळ आणि अक्काच्या चपला

साठी ओलांडलेल्या दोन बायका आकाशपाळण्यात बसायला लातूरला चालल्या हे ऐकून माझ्या सुनेनं हसू दाबलं. दाबू दे. माझी मोठी बहीण अक्का रेणापूरजवळच्या खेड्यात राहते. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. फोनवर म्हणाली, "कापाकापीच्या आधी एकदा पाळण्यात बसायचंय. मागून डॉक्टर बसू देतो का न्हाई, कुणाला ठावं." लहानपणी प्रत्येक जत्रेत आम्ही भावंडं वर जायचो आणि अक्का खाली आमच्या चपला सांभाळायची. थोरली म्हणून. तिच्या फोननंतर मी फार विचार केला नाही, पिशवी भरली.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत ती दुपारच्या आत लातूरला टेकते. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते मिंधेपणा न दाखवता घ्या. पाठ दुखत असेल तर मागच्या चाकावरची सीट टाळा. अहमदपूरच्या थांब्यावर चहा मिळतो, पण पाक प्यायची तयारी ठेवा.

लातूरच्या स्टँडवर अक्का धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून माझ्या आधीच येऊन बसली होती. तरीही आम्ही गाड्यावरचा निलंगा राईस खाल्ला, कारण तो सोडून जाणं मूर्खपणा आहे. मनोरंजन उद्यान शहराबाहेर आहे. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून ठेवा.

दारावर बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. माझी अर्धापूरची केळी तिथंच राहिली. धपाटे मात्र आत गेले. "गोळीसंगं खायला लागतंय," असं अक्का म्हणाली आणि रखवालदारानं मान फिरवली.

तिकीटखिडकीवर दोन दर लिहिलेले. एक साधा, दुसरा 'जलद पास'चा, साध्याच्या दुप्पट. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मावशी, पास घ्या. ओळीत थांबायचं काम नाही." खरं सांगते, मी पर्स उघडली. अक्काचे गुडघे डोळ्यांसमोर होते.

अक्कानं माझा हात धरला. "पास घेतला की कुणाच्या पुढं जायचं?"

"ओळीत असतील त्यांच्या."

"त्यांनी पैसे भरले न्हाईत का?"

"भरलेत की."

"मग ठेव ती पर्स."

बाकीचं उद्यान नीटनेटकं आहे. झाडं आहेत, बाकं आहेत, प्यायचं पाणीही मिळतं. पाळणा अगदी शेवटी, आणि तिथं दोन दारं. साध्या दाराशी आमची ओळ. बाजूच्या दारातून पासवाले यायचे आणि थेट बसायचे. त्यांचा घोळका संपेपर्यंत आमची ओळ जागची हलायची नाही. अंधार पडला की पाळणा बंद, अशी पाटी समोरच होती. ऊन कलायला लागलं होतं आणि पाळण्याचे बहुतेक डबे त्या दुसऱ्या दारातूनच भरत होते.

मी हिशोबी बाई आहे. पाळण्याला डबे आहेत तेवढेच आहेत. पास विकला म्हणून एकही डबा वाढत नाही. मग त्या माणसांना जो वेळ विकला तो आला कुठून? आमच्याकडून. आधी आम्हाला तिकीट विकलं आणि मग आमचाच वेळ दुसऱ्याला विकला. पाळण्याच्या दारावरच्या शिट्टीवाल्याला मी हे मोठ्यानं विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण पास घ्या ना मग." माझ्यामागं देगलूरची एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती. ती म्हणाली, "समद्यांनीच पास घेतला तर मग पुढं कोण जाईल रे?" त्यावर त्यानं नुसती शिट्टी फुंकली.

अक्काला उभं राहवेना. तिनं चपला काढून ओळीत आपल्या जागी ठेवल्या आणि कठड्याला टेकून खाली बसली. यात तिला विशेष काही वाटलं नाही. तिच्या गावात टँकरच्या पाण्याला हीच रीत आहे. हंडा ओळीत ठेवायचा आणि आपल्या कामाला जायचं. हंडा उभा म्हणजे बाई उभी. एका घराचे दोन हंडे भरले की पुढचं घर. दुसऱ्याच्या हंड्याला कुणी हात लावत नाही, मग ती सरपंचाची सून का असेना.

तेवढ्यात पासवाल्यांचा एक मोठा घोळका आला. त्यांना वाट करून द्यायला शिट्टीवाल्यानं अक्काच्या चपला पायानं बाजूला सरकवल्या.

अक्का बसल्या जागेवरून कडाडली, "कुणाच्या हंड्याला पाय लावायलास रे?"

सगळी ओळ हसली. अक्का हसली नाही. गुडघ्यावर हात रोवून उठली, चपला होत्या तिथं परत ठेवल्या आणि म्हणाली, "इथं मी हाय. माझ्या मागं ही हाय, हिच्या मागं ह्या पोरी हायत. दिसंना का तुला?"

देगलूरच्या बाईनं आपल्या चपला काढून अक्काच्या चपलांमागं लावल्या. मी सँडलचे पट्टे सोडले. मागून बूट आले, स्लिपर आल्या. ही चपलांची ओळ आम्ही दोन्ही दारांच्या मधोमध वळवली. आता ती ओलांडल्याशिवाय पासवाल्यांना आत जाता येईना. घोळक्यातला गॉगलवाला तावातावानं म्हणाला, "आम्ही पैसे मोजलेत."

"आम्ही काय चिंचोके दिलेत?" मी विचारलं.

व्यवस्थापक आले. गोड बोलणारे गृहस्थ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हा दोघींना मी आत्ताच वर पाठवतो, विषय संपवा." सूर्य झाडांना टेकला होता. मी अक्काकडं पाहिलं, कारण पाळणा तिचा होता.

"आन् माझ्या मागच्या बाईचं काय?" अक्का म्हणाली. "एक डबा त्यांचा, एक आमचा. टँकरला आमच्यात असंच असतंय."

गॉगलवाला घड्याळ बघत होता, व्यवस्थापक चपलांकडं. शेवटी त्यांनी शिट्टीवाल्याला मान हलवून खूण केली आणि त्यानं एकाआड एक डबे भरायला सुरुवात केली. ओळ चालू लागली, पण अंधारही चालूनच येत होता आणि आमच्या पुढं अजून बरीच माणसं होती. तेव्हा देगलूरची बाई मोठ्यानं म्हणाली, "अम्माला पुढं जाऊ द्या. गुडघे दुखायलेत तिचे." पुढच्या एकेकानं सरकून वाट दिली. मला वाटलं अक्का नाही म्हणेल. ती लगेच निघाली. "ओळीनं बोलावलं की जायचं असतंय," एवढंच म्हणाली.

दोघींना जायची परवानगी होती असं मी मानलं नाही. गुडघे तिचे होते, माझे नव्हते. मी माझ्या जागी राहिले आणि तिच्या चपला हातात घेतल्या. अक्का वर गेली. पाळणा थांबला तेव्हा तिचा डबा अगदी टोकाला होता. ती खाली वाकून ओरडली, "चपला हायत का गं?"

देगलूरच्या मुलींना मी माझ्यापुढं घेतलं, त्यांचा नंबर लागला. माझ्या आधी पाळणा बंद झाला.

नांदेडला परतून चार दिवस झाले. सुनेनं विचारलं, एवढं जाऊन तुम्ही बसलाच नाहीत? नाही बसले. त्या उद्यानात दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनीच पद्धत सुरू झाली असणार, हे न कळण्याएवढी मी भोळी नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पाळणा चांगला उंच आहे. पास घेऊ नका. ओळीत चपला काढून ठेवा, आणि कुणी त्यांना पाय लावला तर आमच्या अक्काची वाट बघत बसू नका. स्वतः बोला.