बटणाखालचं चामडं

उभ्या गाडीचं माप दस्तगीरचाचांनी कधी घेतलं नाही. टांगा असो, दमणी असो की आमची थकलेली मोटार, आधी ते स्वतः तिच्यात बसायचे, येडेश्वरीच्या चढापर्यंत जाऊन यायचे आणि मगच खिशातून मापाची दोरी काढायचे. "उभ्या गाडीत समद्याच गाद्या चांगल्या लागत्यात, आप्पा. खड्ड्यात गेल्यावर कळतं," म्हणायचे.

येरमाळ्यात रस्त्याकडेला त्यांचं दुकान होतं. आधी ते खोगिरं शिवत. घोडी कमी झाली, मोटारी दिसू लागल्या, तसे चाचा गाद्यांकडे वळले. माझ्या वडिलांची अडत होती. त्यांनी सोलापुरातून एक जुनी मोटार आणली, तीन मालकांनी पिळून घेतलेली. पुढच्या सीटच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. मी तेव्हा पंचविशीचा आणि अंमळ शिष्ट. मला लाल चकचकीत मेणकापड हवं होतं. चाचांनी माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. "उन्हाळ्यात मेणकापडावर बसलेला माणूस उठताना धोतर तिथंच सोडून येतो. बसणाऱ्याला इचारा आप्पा, बघणाऱ्याला न्हाय." आणि त्यांनी लावला सगळ्यात स्वस्त पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट. तोही आधी भिजवून, दोन दिवस वाळवून, पुरता आकसल्यावर बेतला. खालून नाड्या बांधल्या, म्हणजे काढून धुता यावा. मी महिनाभर फुरंगटून होतो. तो गादीपाट सहा वर्षं टिकला, त्यामुळे तक्रारीला मला तोंड राहिलं नाही.

मागची सीट मात्र मूळची चामड्याची होती. धड होती म्हणून वडिलांनी तशीच ठेवली, आणि म्हणूनच आई त्या मोटारीत कधी बसली नाही. तिच्या गळ्यात लिंग, दोन्ही वेळची शिवपूजा, आणि चामड्याला अंग लावायचं नाही हा नेम. वडील चिडवायचे, "दारात मोटार आन् ही निघाली बैलगाडीतनं!" आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. वडील गेले तरी नेम राहिला.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात हा नेम माझ्या जिवावर उठला. निजामी अमलाचे शेवटचे महिने होते, पण ते शेवटचे आहेत हे आम्हाला कुठं ठाऊक? बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. आज या गावातली धान्याची पेवं लुटली, उद्या त्या गावातला वाडा जाळला, असं रोज कानावर यायचं. आमच्या पेठेतली निम्मी घरं कुलपं लावून हद्दीपलीकडे बार्शीला गेली. बायको-मुलांना मी आधीच पोचवलं होतं. आई तेवढी राहिली होती. तिचे गुडघे गेलेले. चिखलाच्या वाटेनं बैलगाडीत दिवसभर हिंदकळणं तिला झेपलं नसतं, आणि वाटेत गाड्या अडवत होते ते वेगळंच. उरली मोटार.

"चामड्यावर मी बसायची न्हाय," आई म्हणाली.

"आई, जिवावर बेतलंय."

"म्हणून नेम मोडू? मग वाचून करू काय?"

मी तडक चाचांकडे गेलो. म्हटलं, वरून काहीतरी घाला आणि आईला सांगा, चामडं काढलं. आजच्या आज निघायचंय.

चाचा दोरा ओवत होते. "वरून घाला म्हणता, घालतो. पण आक्काला काढलं म्हणून सांगायचं न्हाय माझ्याच्यानं. ते तुमीच सांगा."

मग त्यांनीच विचारलं, "दोन दिस हायेत का?" नव्हते, तरी मी हो म्हणालो.

कंट्रोलच्या रेशनमुळे बाजारात कापड नव्हतंच. चाचांनी आमच्या घरातली जुनी वाकळ मागवली, आईनं स्वतःच्या इरकली लुगड्यांची शिवलेली. बोटात चुरगाळून म्हणाले, "हे लई बेस. धुऊन धुऊन आकसायचं तेवढं आकसलंय. भिजवायचा दीस वाचला." मग सीट काढून दुकानापुढं ठेवली आणि बारीक खिळे एकेक उपसायला बसले. चामडं निघालं. कडेची गोट निघाली. मला वाटलं झालं. तर चाचांनी पाठीच्या गादीवरचं एक बटण फिरवलं आणि खालची चकती दाखवली, नखाएवढी. "हे बी चामडंच हाय."

"चाचा, ते कोण बघणार आहे?"

"कोण बघत न्हाय. ती बसणार हाय."

अशी बटणं वीस होती. मी रस्त्याकडे बघत उभा होतो. कुठं धूळ उडाली, कुठं कुत्रं भुंकलं की दोन पावलं पुढं जाऊन बघायचो. चाचांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, हेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खांद्याला बंदुका लावलेले दोघं आले. एकानं सीटला बूट लावला. "किसकी है?"

चाचा मान वर न करता बोलले, "एक बुढी अम्मा की है. चमडे पो नईं बैठती."

ते दोघं हसले. मग एकाचं हसू गेलं. "तुम इन लोगां का काम कायकू करते?"

"गादी का काम है. गादी करताऊं."

"याद रखेंगे," तो म्हणाला आणि दोघं निघून गेले. चाचांनी बटण ओढून घेतलं तेव्हा मी पाहिलं, सुई त्यांच्या अंगठ्यात रुतली होती. त्यांनी अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं पुढचं बटण उचललं.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटताच आई काठी टेकत दारात आली. "दस्तगीर, चामडं न्हाय ना?"

"न्हाय आक्का. बटनाखालचं बी काढलंय."

ती आत बसली. माझं ऐकून चाचांनी नुसतं वरून घातलं असतं, आणि तिनं मला विचारलं असतं तर? चाचा गावाच्या शिवेपर्यंत आमच्याबरोबर आले, सवयीप्रमाणे, गादी बघायला. उतरताना मी म्हटलं, "तुम्ही आणि चाचीही चला."

"मला कोण काय करतंय?" ते म्हणाले.

"लागलं तर निरोप धाडा. मी न्यायला येईन."

"या," म्हणाले, आणि चिखलातून परत चालू लागले.

सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामी अंमल संपला. बार्शीत पेढे वाटले, मीही वाटले. चार दिवसांनी दुसऱ्या बातम्या येऊ लागल्या. आता पारडं फिरलं होतं. गावोगाव मुसलमानांची घरं लुटली जात होती, माणसं मारली जात होती. आई रोज सकाळी म्हणे, "दस्तगीरला घेऊन ये." मी म्हणे, वाट धड नाही, पेट्रोल नाही. पेट्रोलचे दोन डबे माझ्या खाटेखाली होते. मला भीती वाटत होती. चाचांना शेजारी बसवलं आणि मोटार कुणी अडवली तर मी काय सांगू, याची. निरोप तर आला नाही ना, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

पंधरा दिवसांनी गेलो. दुकानाला दार नव्हतं. शेजारचा म्हणाला, चाचा-चाची दोघं पायी निघाले, सोलापूरकडं. पुढं कुणी म्हणालं, तामलवाडीजवळ दिसले होते. सोलापुरात मी गादीवाल्यांच्या एकेका दुकानात विचारलं, एकदा नाही, कित्येक वर्षं. ते पोचल्याचं कुणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आईला घरी न्यायला मोटार दारात लावली. ती आली, मागचं दार उघडून वाकळीवरून हात फिरवला. मग तिनं दार लावलं आणि मला बैलगाडी सांगायला लावली.

"आई, गुडघे..."

"हिच्यात त्या दोघांना जागा होती की रं," आई म्हणाली.