खुलताबादच्या कोरड्या विहिरीपर्यंत: एका मेणाच्या ठोकळ्यामागे दोन दिवस

आधीच सांगते, वेरूळ-अजिंठ्याचा बेत आखणाऱ्यांना या पोस्टचा फारसा उपयोग नाही. मी लेण्यांपासून चार-पाच किलोमीटरवर होते आणि तिकडे फिरकलेही नाही. ऐन मे महिन्यात, पाऊस दगा देऊन गेलेल्या वर्षी, मी पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला एकटीनं गाडी चालवत गेले, ती काड्यापेटीहून लहान अशा एका मेणाच्या ठोकळ्यासाठी.

सुमनमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. जन्मात कधी तंबाखूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, तरी तिच्या फुप्फुसात गाठ निघाली. तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरातच ऑपरेशन झालं. सगळं निघालं म्हणून पेढे वाटले. यंदा एप्रिलमध्ये खोकला परत सुरू झाला, तेव्हा तिला तपासायला पुण्याला माझ्याकडे आणलं. गाठ परत आली होती, आणि या खेपेला अशा जागी की सुई घालून तुकडा काढणं जिवावरचं काम.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला कागदावर एक दार काढून दाखवलं. ‘पेशीच्या दाराला बेल असते,’ म्हणाले. ‘बाहेरून कुणी दाबली की आत निरोप जातो, वाढा. काहींच्या पेशीत बेलचं बटण दाबलेलंच अडकून बसतं. बाहेर कुणी नाही, तरी आत सारखा निरोप, वाढा, वाढा. तसं असेल तर त्या बटणावर नेमकी चालणारी गोळी आता आली आहे. रोज एक, घरी बसून. पण बटण अडकलंय की नाही हे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवलेला असतो. तो आणा.’

‘आणि नाही मिळाला तर?’

‘मग सलाइनमधून केमो. त्यांचं वजन अडतीस किलो आहे. तुकडा हाती येईपर्यंत मी दहा दिवस थांबतो, जास्त नाही.’

मावशीनं आयुष्यभर मुलांकडून पाढे म्हणून घेतले, त्यामुळे तिनं दहा दिवस बोटांवर मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याच संध्याकाळी काकांना फोन लावला. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जिल्हा परिषदेतून निवृत्त. ते मुकुंदवाडीच्या घरी मागे राहिले होते, कारण नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि त्या दिवशी घरात माणूस नसला तर पुढचे आठ दिवस टँकरवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. ठोकळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘लॅबमध्येच असंल की,’ आणि घाईघाईनं विषय बदलला. वर मोबाईलवर नवीन संशोधनाची एक बातमी पाठवली. कर्करोगाच्या विषाणूंबद्दल, पेशींबद्दल, हळदीबद्दल अशा बातम्या ते रोज पाठवतात. त्यांत आजवर बरे झालेल्या उंदरांची मोजदाद नाही.

पहिला दिवस. पहाटे पाचला निघा, हा माझा एकमेव उपयोगी सल्ला. साडेपाचला निघालात तर वाघोलीतच ऊन डोक्यावर येतं. शिरूरपर्यंत रस्ता बरा, नगरच्या पुढे घोडेगावला मिसळ आणि चहा घेतला. मिसळ तिखट, चहा पाणचट, पण प्यायच्या पाण्याची बाटली मात्र तिथं जपून द्यायला लागले होते. पुढे कायगाव टोक्याचा पूल लागतो. एरवी इथं धरणाचं पाणी समुद्रासारखं पसरलेलं असतं, म्हणून मी हमखास थांबते. यंदा पुलाखाली भेगाळलेला गाळ, त्यात एक उलटी नाव आणि दशक्रियेला आलेली माणसं एका डबक्याकाठी रांगेत. मी गाडी थांबवली नाही.

वाळूजला, बजाजनगरच्या चौकात, कंपन्यांच्या बसगाड्यांत अर्धा तास अडकले. घड्याळ बघून चडफडले आणि तशीच शहर ओलांडून मुकुंदवाडीच्या लॅबपाशी पोचले. तिथं लॅबच्या जागी मोबाईलचं दुकान. शेजारचा म्हणाला, लॅब मार्चमध्ये बीड बायपासला गेली. बीड बायपासला नव्या पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खोदलेला. पाइप येऊन पडलेत, पाणी कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. धूळ खात, एक टायर फोडून घेत, तीनदा वळसा घालून लॅब सापडली. चकचकीत काच, आत थंडगार, आणि काउंटरवर एक गृहस्थ.

‘मॅडम, जुने ब्लॉक इथं नाहीत ना. वो सब गोडाऊनला टाकले.’

‘गोडाऊन कुठाय?’

‘बजाजनगर.’

सकाळी ज्या चौकात मी अर्धा तास उभी होते, तिथंच. मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. परत वीस किलोमीटर गेले. पत्र्याच्या त्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं आणि मी शोधत होते ते मेण. तिथल्या बाईंनी मात्र शांतपणे वही काढली, पानं उलटली आणि बोट टेकवलं. ‘जागा बदलताना आम्ही सगळ्यांना फोन केले होते. तुमचा ब्लॉक तर मार्चमध्येच नेलाय. ही सही.’

सही काकांची होती. खाली दोन टिंबं आणि एक रेघ. अख्ख्या खानदानात तशी सही दुसऱ्या कुणाची नाही.

संध्याकाळी मुकुंदवाडीच्या घरी पोचले तेव्हा काका अंगणात रिकाम्या पिंपांची रांग लावत होते. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

‘काका, ठोकळा कुठाय?’

ते पाइप गुंडाळत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग पायरीवर बसले आणि म्हणाले, ‘विसर्जनाला नेला होता.’

मी डोक्याला हात लावला. काकांच्या घरात तीन पिढ्या भिक्षुकी होती. काका कारकून झाले तरी घरातला धर्म त्यांच्या अंगात मुरलेला आहे, आणि वर तो मोबाईल. त्यांचं म्हणणं असं की, देहाचा भाग देहापासून सुटला की तो घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. शिवाय काही कर्करोग विषाणूंमुळे होतात, हे त्यांनी बातमीत वाचलं होतं, म्हणून तर घरात नकोच नको. म्हणजे शास्त्रानं आणि विज्ञानानं मिळून माझा घात केला.

‘अहो, विषाणूनं होतात ते निराळे! मावशीचा तसला नाही. आणि असता तरी मेणातून उडून तुम्हाला चावणार होता का? डॉक्टरांनी तिला काविळीचा विषाणू आहे का ते तपासलं, तेसुद्धा अंगात जुना असलाच तर औषधांमुळे जागा होऊ नये म्हणून. तुम्ही विचारायचं तरी कुणाला!’

‘विचारलं असतं गं. पण डॉक्टर म्हणले होते, सगळं निघालं, आता काय बी उरलं नाही. मग उरलेलं ते एवढंसं घरात कशाला ठेवायचं? मला वाटलं, तेवढं सोडलं की संपलं एकदाचं.’

मला राग आवरत नव्हता आणि त्यांची दयाही येत होती. या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की माणूस फार थकतो. ‘सोडलात का मग?’ मी विचारलं.

‘कुठं सोडतो? कायगाव टोक्याला गेलो, तर पाणीच नाही. डबक्यात टाकायचं का? परत आणलं. पाणी येईस्तोवर अस्थी जशा झाडाला बांधून ठेवतात, तसं कोपऱ्यावरच्या कडुलिंबाला बांधणार होतो. तर लिंबच नाही. रस्ता रुंद करायला तोडला. मग खुलताबादला दिगंबरच्या शेतात नेऊन चिंचेला बांधलं.’

चिंचेला, उघड्यावर, मार्चपासून. मी पुण्याला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘सावलीत असेल तर मेण टिकेल. थेट उन्हात तापत राहिलं असेल तर आतलं काय उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. घेऊन तर या.’ मावशीला मी काहीच कळवलं नाही. तिनं विचारलं, ‘सापडलं का?’ मी म्हटलं, ‘पत्ता लागलाय.’

दुसरा दिवस. लवकर निघायचं ठरलं होतं, पण सहाला येणारं पाणी दहाला आलं आणि काका पिंपं भरल्याशिवाय हलायला तयार नाहीत. मी चिडले, ओरडले आणि शेवटी पदर खोचून बादल्या उचलल्या. साडेअकराला निघालो. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते आणि त्या दिवशी समोरून चाऱ्याचा ट्रॅक्टर येऊन अडकला होता. तासभर तिथंच. काका म्हणाले, ‘किल्ला बघायचाय का?’ मी हॉर्न वाजवला.

खुलताबादला तटाच्या बाहेर दिगंबर पाटलांचं शेत. काकांचे शाळेतले मित्र. सीताफळाची बाग, पानं करपलेली, पण माणूस टणक. चिंच मला लांबूनच दिसली आणि फांदीवर काहीच नाही हेही दिसलं. काका चालता चालता थांबले.

‘दिगंबर, अरे, ते कुठंय?’

‘व्हय, काढलं म्या,’ पाटील म्हणाले. ‘तू बांधून गेलास अन् पंधरा दिवसांत चिंचेची निम्मी पानं गळाली. सावलीच नाय राहिली. म्हणलं, मेणाची चीज हाय, वितळंल. खाली उतरवलं.’

‘खाली कुठं?’ मी ओरडलेच.

‘हिरीत.’

पाटलांनी माझा चेहरा बघितला असावा. ‘अहो ताई, पाणी कुठंय हिरीत? दोन साल झालं ठाक कोरडी हाय. पर गारवा लई. आमची भाकर-भाजी बी तिथंच ठेवतो. या, दावतो.’

दगडी पायऱ्यांची विहीर. मी मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्या. वर त्रेचाळीस अंशांचं ऊन आणि पंधरा-वीस पायऱ्या उतरल्यावर हातावर काटा यावा असा गारवा. पाण्यानं विहीर सोडली म्हणून तिथं कोनाडा मोकळा होता आणि कोनाड्यात, ताकाच्या मडक्याशेजारी, स्टीलचा डबा. डब्यात लाल फडकं, फडक्यात प्लॅस्टिकची छोटी चौकट. पांढरं मेण अखंड होतं. त्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा करडा ठिपका, कडेला नंबर. मी जुन्या रिपोर्टवरचा नंबर तीनदा ताडून पाहिला आणि पायरीवर बसून रडले.

‘बराबर हाय ना?’ पाटलांनी विचारलं.

‘बरोबर आहे. तुम्ही फार मोठं काम केलंत.’

‘माझं काय? पाणी असतं तर यानं कवाच सोडलं असतं. दुष्काळाचे पाय धरा.’

काकांना मुकुंदवाडीला सोडलं. पुण्याला येताना डबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. गाडीतला गारवा सगळा त्याच्याकडे वळवला, मी घामानं निथळत. कायगावच्या पुलावर मात्र थांबले आणि खाली उतरून त्या कोरड्या पात्राकडे बराच वेळ बघितलं. ज्या वर्षी गावंच्या गावं टँकरमागे धावतायत, त्या वर्षी पाणी नव्हतं म्हणून मी देवाचे आभार मानत होते. मला लाज वाटली.

घरी आल्यावर मावशीला सगळं सांगावंच लागलं, कारण डब्यातलं लाल फडकं आपल्या घरचं आहे हे तिनं ओळखलं. ऐकून घेतलं, मग फोन मागितला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘मी जिवंत असताना माझ्या अस्थी झाडाला बांधल्यात?’

‘तुझ्या नाही गं. त्या आजाराच्या.’ पलीकडून काका अक्षरशः कळवळले.

ती म्हणाली, ‘पाणी भरून झालं असेल तर इकडे या आता.’

तुकडा तपासायला गेला, उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि ते कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. बटण अडकलेलंच निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळी आजाराला थोपवून धरते, घालवत नाही, आणि किती काळ ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी मावशीचं वजन आता बेचाळीस आहे. तपासून उरलेला ठोकळा परत आला. कुठं ठेवायचा म्हणून काका अवघडले, तेव्हा तिनं तो स्वतःच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. ‘मी आहे तोवर माझं सगळं माझ्या घरात राहील,’ म्हणाली.

या प्रवासाचा मला अजूनही वैताग आहे. माझे दोन दिवस, गाडीचा एक टायर आणि काकांवरचा शिल्लक विश्वास त्यात गेला. पण मोठमोठ्या प्रयोगशाळांत शोधलेली गोळी मावशीपर्यंत पोचायला शेवटी पाटलांना मेण वितळेल हे सुचावं लागलं, हे काही मनातून जात नाही.

सप्टेंबरमध्ये काका पुण्यातच होते. सकाळी पेपर वाचता वाचता एकदम थांबले. ‘कायगावला पाणी चढलं,’ हळूच म्हणाले. ‘पूल भरून वाहतोय म्हणे.’

मावशीनं डबी उघडून गोळी तळहातावर घेतली आणि दुसरा हात त्यांच्यापुढे केला.

‘मग पेलाभर आणा की इकडे,’ ती म्हणाली. ‘वेळ झाली.’