स्विस घरं, जमैकन घरं आणि वाकडचा फ्लॅट

अन्याय झाला तो ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीवर. गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, वाकडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दार सताड उघडं असताना. मी तिथे होते आणि मी गप्प होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडले की कुणावर चिडले ते तुम्हाला कळेल.

पत्रकं लिहायची मला कॉलेजपासून सवय. फीवाढीवर लिहिली, मग हडपसरच्या आमच्या गल्लीत टँकरच्या पाण्यावर. पत्रकात कोण, कधी, कुठे हे पहिल्याच ओळीत घालावं लागतं, कारण दुसरी ओळ कुणी वाचत नाही. पण त्या दिवसांची आठवण पत्रकासारखी येत नाही. कंपनीच्या बसच्या काचेतून अर्धवट झोपेत काहीतरी सरकत जावं, तशी येते.

बस हडपसरहून सहाला निघायची. आम्ही दोघी शेवटून दुसऱ्या बाकावर. ती खिडकीशी, कारण तिला झोप लागत नसे आणि मला लागे. स्वारगेटला एकदा डोळे उघडायचे, पुढे कुठेतरी परत. शहर तुकड्यातुकड्यानं दिसायचं, मधले तुकडे स्वप्नातले. हिंजवडीच्या अलीकडे एका वळणावर उसाचा एक पट्टा तेव्हा शिल्लक होता आणि त्याच्या मागे काचेची इमारत. वारा सुटला की त्या सात मजली काचेत ऊस हलायचा. खालचा ऊस खरा की वरचा, हे झोपेत ठरवता येत नसे. पुढच्या वर्षी खालचा गेला.

गेटवर पर्स तपासायचे. तिच्या पर्समध्ये रोज गॅसच्या शेगडीची दोन बटणं असत.

"ये क्या है मॅडम?" नवीन गार्ड विचारायचा.

"बटन. घर का चूल्हा साथ लाती हूँ," ती म्हणायची.

गार्ड हसायचा. मला कारण माहीत होतं. तिच्या अम्मीची नजर साखरेनं जात चालली होती. एकदा गॅस चालू राहिला आणि अम्मी दुसऱ्या खोलीत बसून राहिली. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून ही पहाटे पोळ्या करून ठेवायची, बटणं काढून पर्समध्ये टाकायची, आणि अम्मी दिवसभर गार खायची. वडील गेलेले, भाऊ नाही. घर तेवढं हिंजवडीजवळ मिळालं असतं, तर जेवणाच्या सुट्टीत रिक्षानं जाऊन अम्मीला गरम वाढून परत येता आलं असतं. तिला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ती दर शनिवारी फ्लॅट बघत फिरायची.

आता काम. अमेरिकेतल्या कुठल्यातरी कंपनीनं घरोघरी फॉर्म वाटले होते. तुमचे पूर्वज कुठले, घर स्वतःचं की भाड्याचं, कमावते किती, काम काय. हातानं भरलेल्या फॉर्मची चित्रं आमच्या पडद्यावर यायची. एकच फॉर्म दोघींनी वेगवेगळा टाइप करायचा. जुळलं की पुढे, नाही जुळलं तर टीम लीडकडे. माझी जोडी तिच्याशी होती. पूर्वजांच्या रकान्यात शंभर देश होते, पण आमच्या वाट्याला आलेल्या गठ्ठ्यात दोनच मोठे: स्विस आणि जमैकन.

दोन महिने मी त्या दोन रांगांत राहिले. दुपारी एसीच्या गार झोतात डोळे जड व्हायचे आणि पडद्यावरचा तक्ता हळूहळू रस्ता व्हायचा. डावीकडे स्विस घरं. पणजोबांनी बोटीतून उतरून जमीन घेतलेली, मग तीच वाटत, विकत, वाढवत आलेली. दंतवैद्य, विमावाले, एक दूधवाला, त्याच्या गायी मी स्वतः रंगवल्या होत्या, तपकिरी. उजवीकडे जमैकन घरं. नर्स, रुग्णालयातली आया, बसचालक, पुन्हा नर्स. एकेका माणसाच्या दोन-दोन नोकऱ्या. त्यांच्या दारांशी मी बोगनवेल लावली होती, कारण जमैकात काय फुलतं मला माहीत नव्हतं आणि हडपसरला बोगनवेल फुलते. मी मधून चालत जायचे. स्विस घरांत दुपारी माणसं असत, जमैकन घरांत नसत, सगळे कामावर. कष्टाच्या रकान्यात उजवी बाजू पुढे, घराच्या रकान्यात डावी. सगळ्या अमेरिकेचं मी सांगत नाही, आमच्या गठ्ठ्यातलं सांगते. आधी येऊन ज्याला जमीन घेऊ दिली त्याच्या पणतवाला घर, आणि नंतर येऊन जो रात्रपाळी करतो त्याला भाडं. एवढं कळायला अमेरिकेला जावं लागत नाही.

पण पूर्वजांची चौकट बऱ्याच जणांनी कोरी ठेवलेली असे. नियम होता, कोरं ते कोरं. टीम लीडला कोरं आवडत नसे. "गिऱ्हाइकाला पोकळ वाटतं," तो म्हणायचा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, टाय मात्र काकांचा वाटायचा.

त्यावर उपाय मी काढला. होय, मीच. आडनाव तर वर लिहिलेलं असतंच, त्यावरून भरायचं. पुण्यात नाक्यावरच्या वाण्यालाही आडनावावरून जात, जिल्हा आणि उधारी द्यायची की नाही हे कळतं. आम्हाला न कळायला काय झालं? मी दोन दिवसांत यादी बनवली. असं आडनाव म्हणजे इंग्लिश, तसं म्हणजे स्कॉटिश, अमुक शेवट असेल तर जर्मन. टीम लीडनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला एक मग दिला. कंपनीचं चिन्ह असलेला, अजून घरी आहे, मी त्यात पेनं ठेवते.

ती मात्र कोरं कोरंच टाइप करत राहिली. आमचं जुळेना. टीम लीड तिच्या टेबलाशी आला.

"अगं, तिच्या यादीप्रमाणे भर ना. सोपं आहे."

"सोपं आहे हो सर. पण त्यांनी लिहिलं नाहीये."

"न लिहिलेलं ओळखायचं, म्हणून तर आपल्याला पैसे देतात."

"मला वाटलं टायपिंगचे देतात," ती म्हणाली, आणि भरायला लागली. बसमध्ये मला म्हणाली, "आडनावाच्या परीक्षेत तू पहिली आलीस. मी नेहमी नापासच."

मी हसले. मला ती गंमत वाटली.

मग तो शनिवार. जाहिरात सकाळच्याच पेपरात होती: दोन खोल्या, लिफ्ट, कुटुंबास प्राधान्य. घरमालक काका निवृत्त, पांढरा सदरा, बोलणं गोड. काकूंनी पाणी आणलं. काकांनी खिडकी उघडून टेकडी दाखवली, मोरीतला नळ पूर्ण सोडून दाखवला. "बघा, काय जोर आहे. चोवीस तास."

"लिफ्ट वीज गेली की बंद पडते का?" तिनं विचारलं. "आईला कमी दिसतं, जिने नको."

"जनरेटर आहे. आईंची काही काळजी नको. आपण कुठल्या?"

"पुण्यातलीच. आजोबांच्याही आधीपासून."

"अरे वा. आडनाव काय म्हणालात?"

तिनं सांगितलं. काकांनी नळ बंद केला. खोलीत इतका वेळ पाण्याचा आवाज होता, तो थांबल्यावरच कळलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा.

"असं आहे," काका म्हणाले, "आमच्या पुतण्याचंही चाललंय. त्याचं नक्की झालं की..."

"जाहिरात आजची आहे."

"हो, त्यानं आत्ताच फोन केला."

फोन कोपऱ्यात स्टुलावर होता, विणलेल्या रुमालाखाली. आम्ही आल्यापासून वाजला नव्हता. मग काका माझ्याकडे वळले. "आणि आपण?"

मी आडनाव सांगितलं. शेवटी 'कर' आहे. वडील शाळेत असताना मास्तरांनी गावाच्या नावाला जोडून दिलेलं. आम्ही बौद्ध, यवतमाळकडचे. वडील हडपसरच्या कारखान्यात मशिनवर लागले म्हणून इकडे आलो. यातलं काहीही त्या 'कर'मध्ये दिसत नाही.

"छान," काका म्हणाले. "म्हणजे आपल्यातल्याच. नंबर देऊन ठेवा."

मी नंबर दिला. वर हसलेही. तिचा नंबर त्यांनी मागितला नाही. जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "लिफ्ट बघायची राहिली."

घरी आईला सांगितलं. आई पुण्यात वीस वर्षं राहून यवतमाळचंच बोलते.

"तुले आडनाव इचारलं?"

"हो."

"अन् तू सांगितलं नाही कोण आहोत ते?"

"त्यांनी तेवढंच विचारलं."

आई भाकरी थापत राहिली. "पत्रकं तं लय लिहितं माय तू," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी, एसीच्या त्याच झोतात, एक फॉर्म आला. म्हाताऱ्या बाईचा, नर्स, निवृत्त, घर स्वतःचं. आडनाव माझ्या यादीत पक्कं स्कॉटिश. चौकट कोरी. पण समासात तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आमची माणसं जमैकाची, आणि हे आडनाव ज्याच्या मळ्यावर आमचे पूर्वज गुलाम होते त्याचं आहे. तुमच्या चौकटीत हे कुठे लिहायचं मला कळलं नाही.

मी पडद्याकडे बघत बसले. रस्ता परत आला, पण आता मला दिसलं की उजव्या बाजूची किती दारं मीच उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली होती. ज्यांनी चौकट कोरी ठेवली आणि ज्यांचं स्वतःचं घर होतं, असे किती जमैकन मी स्कॉटिश केले, इंग्लिश केले? उजवी बाजू जेवढी होती त्याहून मी गरीब करून ठेवली होती. स्विसही बरेच माझ्या यादीनं जर्मन झाले होते, पण त्यांचं काही बिघडलं नाही. बोगनवेलीची फुलं तेवढी सगळीकडे सांडली होती.

तिच्या पडद्यावरही तोच फॉर्म होता. ती हळूच म्हणाली, "ही बाई वाकडला गेली असती, तर तिला फ्लॅट मिळाला असता गं."

बुधवारी काकांचा फोन आला. पुतण्याचं रद्द झालं होतं. "तुम्हाला हवा असेल तर तुम्हाला देतो."

परतीच्या बसमध्ये मी तिला सांगितलं. "माझ्या नावावर घेऊ. राहा तुम्ही दोघी."

ती खिडकीबाहेर बघत होती. औंधपर्यंत आम्ही दोघी त्या फ्लॅटमध्ये राहून आलो, असं मला वाटतं. मी पडदे लावले. अम्मी खिडकीशी बसली, टेकडी तिला हिरवट डागासारखी दिसली. शेगडीला दोन्ही बटणं होती. दुपारी गरम भाताची वाफ.

"आणि अम्मी लिफ्टमध्ये कुणाला अजानची वेळ विचारेल, तेव्हा?" ती म्हणाली. "तिला काय सांगून ठेवू, की इथे आपण स्कॉटिश आहोत?"

आम्ही दोघी खूप हसलो. पुढच्या बाकावरच्या मुलानं हेडफोन काढून मागे बघितलं. मग तिनं पर्स उघडली, बटणं आहेत ना बघितलं, आणि बंद केली.

शनिवारी मी एकटी वाकडला गेले. काकांना सांगितलं, आम्ही बौद्ध, आणि फ्लॅट मला नको, तिला हवाय.

"मग आधी सांगायचं ना," काका म्हणाले.

"तुम्ही आडनाव विचारलंत. ते मी सांगितलं."

"आमचं काही नाही हो. सोसायटीत लोक बोलतात."

"कोण लोक? त्यांची दारं दाखवा, मी बोलते."

काकांनी कुठलंच दार दाखवलं नाही. काकूंनी या वेळी पाणी आणलं नाही, पण जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तिच्या आईंना दिसत नाही म्हणालात ना? फारच वाईट." नुसतं वाईट वाटायला आडनाव लागत नाही, तेवढं त्यांनी मोकळ्या मनानं दिलं.

ऑफिसात टीम लीडकडे गेले. म्हटलं, माझी यादी चुकीची आहे, गठ्ठा परत काढा, कोरं ते कोरं करते, सुट्टीत येऊन करते.

"गेलं ते," तो म्हणाला. "गुरुवारीच पाठवलं. गिऱ्हाईक खूश आहे."

म्हणजे अमेरिकेत कुठेतरी एक तक्ता आहे, त्यात जमैकन घरं खरी असतील त्याहून कमी आहेत, आणि तो हडपसरच्या एका मुलीनं भरलाय. कुणी त्यावरून काही ठरवलं असेल, कर्ज, शाळा, दवाखाना, तर मला कळणार नाही. त्या बाईला मी समासातलं उत्तरही देऊ शकले नाही. नंतरचे सगळे फॉर्म मी कोरे ते कोरे टाइप केले, टीम लीड ओरडला तरी. आमचं दोघींचं पुन्हा जुळायला लागलं.

फ्लॅट अजून मिळालेला नाही. सहाची बस तीच आहे, बाक तोच आहे. अम्मी आज दुपारीही गार पोळी खाईल.

म्हणून हे पत्रकच समजा, लांबलेलं. तुमची हिंजवडीच्या बाजूला दोन खोल्यांची जागा रिकामी असेल, तर उद्या आम्ही दोघी बघायला येतो. नळ सोडून दाखवा, भाडं सांगा, लिफ्ट चालू आहे का ते सांगा. आडनावाची चौकट कोरी ठेवा, आणि किल्ली तिच्या हातात द्या.