सुतकातलं माहेर

शब्दांची मुळं खणायची खोड मला शाळेत मराठी शिकवता शिकवता लागली. वांगी चिरताना, भांडताना, कुठंही सुरू होते मी. लग्न होऊन घिवलीत आले तेव्हा सासूबाईंनी बरेच दिवस ऐकून घेतलं, मग एकदा म्हणाल्या, "सूनबाय, शब्द खणून झाले असतील तर जरा नारळाची आळी खण."

यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे मातृगृह, आईचं घर. हजारेक वर्षं तोंडातोंडांत घासून एवढंसं झालं. बापाचं नाव त्यात औषधालाही नाही. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तुझ्या घरात मला रोज मासे पाहिजेत." मी डिंकाचे लाडू वळून डबा भरून ठेवला होता.

आणि भिंतीला भिंत लागून राहणारे माझे चुलत सासरे गेले. आदल्या दिवशी वाडीत फिरत होते. साऱ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी पोर मयताच्या घरात नको. जावई आला आणि लेकीला बोईसरला आपल्या घरी घेऊन गेला. आईचं घर म्हणे! सुतक बापाच्या भावकीचं, आणि बाहेर पडायचं लेकीनं. लाडवांचा डबाही फळीवरच राहिला, कारण सुतकाच्या घरातलं बाळंतिणीला चालत नाही.

सुतक फिटायच्या आतच ती बाळंत झाली. मुलगी झाली. जावयाला कारखान्यात शिफ्ट, त्याची आई घाटावर अंथरुणाला खिळलेली. लेकीजवळ कोण, तर शेजारची हिंदी बोलणारी भाभी, तीही बिचारी आपलं घर सांभाळून डोकावणारी. लेक फोनवर म्हणाली, "आई, मला हिला नीट पाजताच येत नाही गं. ती रडते, मग मीपण रडते. ये ना."

रिक्षानं बोईसर असं कितीसं लांब! आणि मी इथं बिनफोडणीचं वरण गिळत बसलेली. देवाला हात लावायचा नाही, कुणाच्या दारात पाय ठेवायचा नाही. रस्त्यावरून रिक्षा गेली की उठून दाराशी जायचे. जीव नुसता कोंडून गेला होता माझा. नवऱ्याला म्हटलं, तर म्हणतो, "आईला विचार." वा रे वा!

शेवटी विचारलं. बायका काकींच्या पडवीत बसल्या होत्या. काकी म्हणजे गेलेल्या सासऱ्यांची बायको. भिंतीला टेकून बसलेल्या, ते गेल्यापासून तोंडातून शब्द नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, सुतक हा शब्द मुळात मरणाचा नाहीच. सू म्हणजे जन्म देणं. प्रसूती त्यातलीच. सूतक म्हणजे मूल जन्मल्यावर पाळायचं ते, मरणाला आपण ते मागाहून लावलं. माझं खरं सुतक बोईसरला आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "शब्द कुठं जन्मला ते नको सांगू मला. माणूस मेलाय आमचा, तो दिसत नाय तुला?"

तेवढ्यात हातातला फोन वाजला. लेकीचाच. घाईत कुठंतरी बोट लागलं, स्पीकर सुरू झाला आणि पडवीभर बाळाचं रडणं. चांगलं ताणून, श्वास घेऊन पुन्हा ताणून. मी बंद करायला गेले, तर काकींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. ऐकू दे मला."

काकींना मूल नाही. नवस झाले, दवाखाने झाले. त्यांच्या दारात सुतक आलं ते प्रत्येक वेळी मरणाचंच. आणि मी त्यांच्या पुढ्यात बसून जन्माचं सुतक ठणकावून सांगत होते. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

पलीकडे लेकीनं बाळाला उचललं असावं, रडणं थांबलं. काकी सासूबाईंकडे वळल्या. "जाऊबाय, माणूस माझा गेलाय. हिच्या वाटचं सुतक मी धरीन. हिला जाऊ द्या."

सासूबाई पदरानं डोळे पुसत उठल्या, चुलीवर पाणी ठेवलं. "डोक्यावरनं आंघोळ करून जा," म्हणाल्या. "पोरीला जवळ घेशील ना. आणि तो डबा नको नेऊ. सामान बोईसरात घे, लाडू तिथंच वळ."

न्हाऊन, ओल्या केसांनीच निघाले. काकींच्या पडवीशी थांबले. शब्दांची एवढी मुळं खणलेली मी, तोंडात एक शब्द नाही. त्याच म्हणाल्या,

"पोचलीस की फोन लाव. पोरीला परत ऐकव मला. मी हाय इथंच. मी कुठं जाते आता?"