बंद वाट्यांचा हेडफोन

शहापूरला हायवेच्या कडेला मी खोली घेतली, तेव्हा घरमालकाने गच्ची दाखवली, पाणी कधी येतं ते सांगितलं, पण ट्रकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. नाशिककडे जाणारा प्रत्येक ट्रक माझ्या उशाजवळून जायचा. एकट्या माणसाला आवाजाची सोबत होते असं म्हणणाऱ्याला मी त्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवलं असतं.

मला तिथे गाणं ऐकायचं होतं, आणि तेही एकच. माझी आई टोकावड्याजवळच्या आमच्या गावात धवलारीण होती. धवले म्हणजे लग्नातली गाणी. हळदीपासून पाठवणीपर्यंत आई एक ओळ म्हणायची आणि भोवतीच्या बाया ती झेलायच्या, म्हणजे तीच ओळ परत म्हणायच्या. एका लग्नात कुणा मुंबईकर पाहुण्याने ते टेप केलं. पण हा शहाणा टेपरेकॉर्डर बायांच्या घोळक्यात ठेवून जेवायला बसला. त्यामुळे कॅसेटमध्ये बाया कानाशी ओरडतात आणि आई कुठून तरी लांबून येते. ती गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता. तो मला एकदा स्वच्छ ऐकायचा होता.

कल्याणच्या एका ओळखीच्या माणसाने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून दिली. मग मी मुंबईला हेडफोन घ्यायला गेलो. दुकानदाराने आधी उघड्या पाठीचा चढवला. "साहेब, ह्यात हवा खेळते, आवाज मोकळा येतो," म्हणाला. होता खरा मोकळा. पण आतला आवाज बाहेर जाणार तर बाहेरचा ट्रकही आत येणार. मी बंद वाट्यांचा, म्हणजे मागून बुजवलेला, मागितला आणि तो चढवून त्यालाच विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतंय?" त्याने नकारार्थी मान हलवली. आतलं गाणं फक्त माझं होतं, आणि मला ते फार आवडलं. किंमत मी घरी कुणालाच सांगितली नाही. सांगायला घरात होतं कोण?

नवा हेडफोन डोकं आवळायचा, म्हणून तो चार दिवस कळशीवर चढवून ठेवला. आत आवाज घुमायचा, म्हणून वाट्या उघडून कापूस भरला. तो जास्त झाला आणि आईला सर्दी झाल्यासारखं वाटलं. मग थोडा काढला. कानाच्या गाद्या बदलून मखमली लावल्या. आवाज गोड झाला, पण मागोमाग ट्रक आत शिरले. पुन्हा चामड्याच्या लावल्या आणि मे महिन्यात कान उकडून घेतले. उरलेलं काम कॉम्प्युटरवर. बायांचे आवाज चिरके, आईचा जाडसर, म्हणून वरचे सूर उतरवले. तरी त्या बाया हटेनात. शेवटी वैतागून, जिथे जिथे त्या ओळ झेलतात तिथला आवाजच बंद करून टाकला.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी रडलो. आई अगदी जवळ होती, ओळ संपताना घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. जमलं, असं वाटलं. पण पुढे रोज ते ऐकून उठलो की खोली आधीपेक्षा रिकामी वाटायची. कशामुळे ते कळेना. मी पुन्हा कापूस काढायचो, पुन्हा भरायचो.

त्या हिवाळ्यात बाय आली. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, मुरबाडला दिलेली. म्हशाच्या जत्रेतून माझ्यासाठी घोंगडी आणली होती. चहा झाल्यावर मी मोठ्या ऐटीत हेडफोन तिच्या कानांवर बसवला आणि गाणं लावलं. तिचा चेहरा आधी फुलला, मग कपाळाला आठी पडली. कान बंद असल्याने ती ओरडूनच बोलली.

"आमी बाया कुठं गेलो रे?"

"काढल्या. आईचा आवाज नीट यावा म्हणून."

तिला ते ऐकू गेलं नाही. "आई ओळ टाकून थांबलेय, कोनी झेलत नाय," ती म्हणाली. "आपली आई अशी एकटी कधी गायलीच नाय रे."

आणि पुढच्या ओळीला ती स्वतःच गायला लागली. डोळे मिटून, पाटावर बसल्यासारखी ताठ. एक ओळ म्हणायची, गप्प व्हायची, ऐकायची, मान डोलवायची, मग पुढची झेलायची. मी समोर बसलो होतो. मला फक्त बाय ऐकू येत होती. ती गप्प व्हायची तेव्हा तिथे आई होती, पण आईचा एक शब्द त्या वाट्यांमधून बाहेर येत नव्हता. तेच तर बघून मी तो घेतला होता.

गाणं संपल्यावर तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"घे. आता तू झेल."

मी तो कानांवर चढवला. आई ओळ म्हणून थांबली. धवले बायाच म्हणतात; रोज ऐकूनही मी त्यातली एकही ओळ कधी तोंडाने म्हटली नव्हती.